सार्वमताचे रंग

सार्वमताचा कौल एका आकड्यात मिळतो. तो कुणी व का दिला, हे शोधावे लागते. ४ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियाने बराक ओबामांना ६१ टक्के मते दिली आणि त्याच दिवशी समलिंगी विवाहाला मनाई करणारा ‘प्रस्ताव ८’ ५२ टक्क्यांनी मंजूर केला. परगणावार नकाशात किनारा आणि अंतर्भाग अशी फाळणी दिसते. सॅन फ्रान्सिस्कोत चारांपैकी तीन मते विरोधात, तर शेती व तेलविहिरींच्या कर्न परगण्यात चारांपैकी तीन बाजूने पडली.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. मतदानोत्तर चाचणीने ७० टक्के कृष्णवर्णीय मतदार प्रस्तावाच्या बाजूने दाखवले आणि खापर त्यांच्यावर फुटले. अशा चाचणीत छोट्या गटातले मोजकेच लोक सापडतात, म्हणून चुकीला वाव अधिक. २००९ च्या आरंभी पॅट्रिक ईगन आणि केनेथ शेरिल या राज्यशास्त्रज्ञांनी इतर पाहण्या व मतदानकेंद्रांचे निकाल ताडून पाहिले. प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास निघाले. वय, पक्ष, विचारसरणी आणि चर्चला जाण्याचा नेम हे घटक अधिक प्रभावी ठरले. हा नेम जमेस धरला, की वर्णभेदाचा फरक बराच ओसरतो.

२०२४ मध्ये त्याच राज्याने ती मनाई ६२ टक्क्यांहून अधिक मतांनी घटनेतून काढली. ‘अमुक समाजाने मत दिले’ असे वाचले, की म्हणूनच मी आधी विचारतो: हे मोजले कसे?