‘निश्चित सांगता येत नाही’

आईचा स्तनाचा कर्करोग हाडांत पोहोचला, त्याला दोन वर्षे झाली. परवाच्या पेट-सीटीत छातीतल्या एका गाठीपुढे इंग्रजीत लिहिले होते. अर्थ एवढाच, की निश्चित सांगता येत नाही. आम्ही भावंडे रात्रभर तोच कागद वाचत होतो.

या तपासणीत साखरेसारखे औषध शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त खातात, तिथे चमक दिसते. पण क्षयाची गाठ, साधी सूजही तशीच चमकते, आणि क्षय आपल्या वस्त्यांना नवा नाही. हाडातला डाग तर भरून येतानाही कधी अधिक ठळक दिसतो. सीटीवर गाठ दोन मिलिमीटरने वाढलेली दिसली, तर तो मोजण्यातला फरकही असू शकतो.

म्हणून जुन्या सीडी, फिल्म टाकू नका. जुने चित्र शेजारी ठेवले तरच नव्याचा अर्थ लागतो. डॉक्टरांना विचारा: सुईने तुकडा काढून तपासायचा का? पुढचा स्कॅन कधी? तोवर औषध तेच का?

आईचा स्कॅन आठ आठवड्यांनी आहे. तिने डॉक्टरांना एकच विचारले, “14 एप्रिलच्या मिरवणुकीत चालता येईल ना?”

“थोडं चाला. गोळ्या चुकवू नका,” ते म्हणाले.