कृत्रिम घरटे झाडायचे कधी?

मार्च महिना आला की शहरांतून चिमण्यांसाठी कृत्रिम घरट्यांचे वाटप सुरू होते. २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून साजरा होऊ लागला आणि अनेक गॅलऱ्यांत, सोसायट्यांच्या बागांत लाकडी पेट्या दिसू लागल्या. त्यांपैकी बहुतेक पेट्यांना, एकदा खिळ्याला टांगल्यानंतर, पुन्हा कोणाचा हात लागलेला नसतो. पाखरांच्या राहत्या जागेत आपण ढवळाढवळ कशाला करावी, ही त्यामागची भावना चांगलीच आहे. मात्र तिचा भुर्दंड पिल्लांना बसतो.

पूर्वी चिमणी वाड्यातील तसबिरीमागे किंवा कौलांखाली घर करीत असे. तसबिरीमागचा तो पसारा दिवाळीच्या साफसफाईत निघून जाई व पुढच्या विणीला नव्याने काड्या जमवाव्या लागत. पेटीत असे घडत नाही. जुने घरटे तसेच ठेवून चिमणी त्यावर नवा थर रचते. दोन-तीन विणींनंतर गवत, पिसे आणि कापूस थेट प्रवेशछिद्रापर्यंत येतात. पिल्ले दाराशी बसू लागली, की कावळ्याची चोच आणि मांजराचा पंजा त्यांच्यापर्यंत सहज पोहोचतो. जुन्या थरांत माइट हे गोचिडीच्या जातकुळीतील बारीक जीव वाढतात. त्यांतील काही दिवसा फटींत दडून राहतात आणि रात्री पिल्लांचे रक्त शोषतात. पिल्ले उडून गेल्यावर हेच जीव भुकेपोटी खिडकीवाटे घरात शिरतात व माणसांनाही चावतात. घरात मात्र संशय ढेकणांवर घेतला जातो!

माझ्या गॅलरीतील पेटी मी तीन वर्षे उघडली नव्हती. उघडली तेव्हा तळाशी एक वाळलेले पिल्लू मिळाले. नायलॉनच्या दोऱ्याचा फास त्याच्या पायाला बसला होता. भावंडे उडून गेली, ते तेथेच राहिले. शहरातील चिमणी गवताबरोबर मांज्याचे तुकडे, पोत्याचे धागे, प्लास्टिकच्या पट्ट्याही उचलून आणते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

सफाई करावी केव्हा, हा खरा प्रश्न आहे. इंग्लंडमधील पुस्तके विणीचा हंगाम संपल्यावर, शरदात पेटी झाडा, असे सांगतात. तेथील ऋतुमानाला ते धरून आहे. आपल्याकडे चिमणीची वीण वर्षातून अनेकदा, जवळजवळ कोणत्याही महिन्यात होऊ शकते. तीन ते पाच अंडी, सुमारे बारा दिवस उबवणी आणि त्यानंतर साधारण दोन आठवडे पिल्लांचे संगोपन, असा महिनाभराचा हिशेब असतो. पिल्ले उडाल्यावर तीच जोडी थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच पेटीकडे वळते. मधले ते चार दिवस आपले.

त्यासाठी दोन-तीन सकाळी तासभर लक्ष ठेवावे. चोचीत अळी घेऊन कोणी आत जात नसेल, आतून चिवचिव येत नसेल, तरच झाकण हलकेच उचलून पाहावे. उबदार अंडी किंवा ताजे गवत दिसल्यास ते तसेच बंद करावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे व घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश आहे. प्रत्येक विणीनंतर जमले नाही, तरी पावसाळा सरल्यावर एकदा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, ही सफाई व्हावीच. पावसाने लाकूड फुगले आहे का, छपराला फट पडली आहे का, तेही तेव्हाच कळते.

काम अर्ध्या तासाचे आहे. हातमोजे घालावेत, नाकातोंडावर रुमाल किंवा मास्क बांधावा. वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक ठरू शकते. म्हणून कोरडे घरटे झटकण्याऐवजी आधी पाणी शिंपडून ओले करावे. ते पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावे. मग पेटीत उकळते पाणी ओतावे, कोपरे जुन्या ब्रशने घासावेत आणि पेटी कडक उन्हात पूर्ण वाळवावी. फिनेल, कीटकनाशक फवारे, डांबराच्या गोळ्या यांतले काहीही वापरू नये. पिल्ले त्याच बंद हवेत श्वास घेणार असतात. आतून रंगही नको. तळाची पाणी निथळण्याची छिद्रे बुजली असल्यास मोकळी करावीत.

प्रवेशछिद्रही तपासावे. चिमणीला ३२ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पुरते. खारीने कुरतडून ते मोठे केले, की साळुंकी पेटी बळकावते. तसे झाले असल्यास योग्य मापाचे छिद्र पाडलेली पत्र्याची चकती बाहेरून ठोकावी. तिच्या कडा मात्र कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात. दाराखाली दांडी असल्यास काढून टाकावी. चिमणीला तिची गरज नसते, शत्रूला मात्र आयता आधार मिळतो.

वाटपात मिळणाऱ्या अनेक पेट्या चहूबाजूंनी खिळे ठोकून बंद केलेल्या असतात. त्या झाडणार कशा? अशा पेटीचे झाकण काढून बिजागरी व कडी बसवून घ्यावी. नवी पेटी घेताना तर ती उघडते की नाही, हे आधी पाहावे.

वाळलेली पेटी शक्यतो त्याच दिवशी त्याच जागी लावावी. दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन थेट तिच्यावर पडत असेल, तर तेवढी जागा बदलावी.