आधी जेवण, मग प्रवचन : मुक्तिफौजेची गोष्ट

मुंबईकरांना ‘मुक्तिफौज’ हे नाव ओळखीचं आहे. पण तिचा जन्म कुठल्या भुकेतून झाला, हे जरूर वाचा.

१८६५ मध्ये विल्यम आणि कॅथरीन बूथ या दांपत्याने पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत ख्रिस्ती सेवाकार्य सुरू केलं. १८७८ मध्ये त्याला ‘सॅल्व्हेशन आर्मी’ म्हणजेच ‘मुक्तिफौज’ हे नाव मिळालं. उपाशी माणसाला नुसता उपदेश पुरत नाही, हे बूथ यांनी ओळखलं होतं. १८८८ मध्ये लाइमहाउस भागात संस्थेने स्वस्त जेवण आणि रात्रीचा निवारा सुरू केला.

१८९० मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात विल्यम बूथ यांनी फार सुंदर मुद्दा मांडला. टांग्याचा घोडा रस्त्यात कोसळला, तर लोक आधी त्याला उभं करतात. दोष कुणाचा, हे नंतर पाहतात. शिवाय त्याला दाणापाणी, निवारा आणि काम मिळतं. एवढं तरी माणसाला मिळायला नको का?

ते बोलून थांबले नाहीत. १८९१ मध्ये बेरोजगारांसाठी एसेक्समधल्या हॅडली इथे शेती वसाहत उभी राहिली. त्याच वर्षी लंडनमध्ये घातक पांढऱ्या फॉस्फरसऐवजी लाल फॉस्फरस वापरणारा संस्थेचा काडेपेटीचा कारखाना निघाला. तिथे कामगारांना मजुरीही इतर कारखान्यांपेक्षा जास्त होती.

त्याआधीच, १८८२ मध्ये, संस्थेचे अधिकारी फ्रेडरिक टकर यांनी मुक्तिफौजेचं काम मुंबईत आणलं होतं. अहिल्यानगरचं इव्हँजेलिन बूथ रुग्णालय याच संस्थेचं.

तुमच्या भागात बेघरांना जेवू घालणारी संस्था असेल, तर तिची माहिती कमेंटमध्ये लिहा. आणि जमेल तेवढा हातभार नक्की लावा.