निजलेली गाय आणि शब्दांचे अर्थ

‘प्रयत्नांची शिकस्त केली’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा करण्यासारखे काही बाकी ठेवले नाही, असे त्याला सांगायचे असते. फारसीत शिकस्त म्हणजे मोडणे, पराभव. हिंदी वर्तमानपत्रे हरलेल्या संघाबद्दल आजही हाच शब्द वापरतात. तरी आपल्याला कोणी टोकत नाही. ‘मस्त जेवण झाले’ म्हणणाऱ्यालाही, फारसीत मस्त म्हणजे नशेत असलेला, असे कोणी ऐकवत नाही. आग्रह सुरू होतो तो संस्कृत शब्दांपाशी. तिथे मूळ अर्थ तेवढा खरा आणि रूढ अर्थ हा अडाणीपणा, अशी समजूत घट्ट बसलेली आहे. ती टिकणारी नाही, आणि हे संस्कृतातल्याच एका जुन्या वादातून दिसते.

‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटाने अकराव्या शतकात ‘कुशल’ हा शब्द लक्षणेचे, म्हणजे मुख्य अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याचे, उदाहरण म्हणून घेतला. कुश म्हणजे दर्भ. दर्भ आणणारा तो कुशल. दर्भाचे पाते हात कापते, तो पारखून आणायला नजर आणि बोटे दोन्ही सावध लागतात. म्हणून कोणत्याही कामात निष्णात असलेला तो कुशल. म्हणजे दर्भ आणणारा हा मुख्य अर्थ आणि निष्णात हा दुय्यम. चौदाव्या शतकात साहित्यदर्पणकार विश्वनाथाने याला हरकत घेतली. शब्द कशावरून बनला ही एक गोष्ट आणि तो कशासाठी वापरतात ही दुसरी, असे त्याचे म्हणणे. व्युत्पत्तीचाच अर्थ मुख्य धरला, तर ‘गो’ हा शब्द ‘गम्’ म्हणजे जाणे या धातूवरून आलेला. मग ‘गाय निजली आहे’ एवढे म्हणायलाही लक्षणेचा आधार घ्यावा लागेल, कारण निजलेली गाय कुठे जात नसते. गोठ्यात पाय दुमडून पडलेल्या गायीला आपण बेलाशक गाय म्हणतो. मला हा युक्तिवाद निर्णायक वाटतो. अर्थ ठरतो तो वापरात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बळजबरीचा गुन्हा असलेले ‘साहस’ आज पदक मिळवून देते, ते त्यामुळेच.

यावर विचारले जाईल, मग कोणतीही चूक चार जणांनी केली की बरोबर ठरणार का? ‘अपरोक्ष’ हा शब्द त्यासाठी नीट पाहायला हवा. परोक्ष म्हणजे नजरेआड, म्हणून अपरोक्ष म्हणजे नजरेसमोर. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘अपरोक्षानुभूती’त साक्षात अनुभव अभिप्रेत आहे. मराठीत मात्र ‘कोणाच्या अपरोक्ष बोलू नये’ म्हणजे पाठीमागे बोलू नये. सुरुवातीचा ‘अ’ ऐकून माणसाचा अभाव मनात येत असावा, आणि अर्थ पार उलटला. हा अर्थ आता रूढ आहे. तो वापरणाऱ्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. पण जुना अर्थ जाणणारेही हयात आहेत. ‘करार माझ्या अपरोक्ष झाला’ असे जबानीत लिहिले, तर सही करणारा खोलीत होता की नव्हता, याचा उलगडा होत नाही. अशा ठिकाणी ‘माझ्या माघारी’ किंवा ‘माझ्या गैरहजेरीत’ लिहावे. कारण मूळ अर्थ बिघडला हे नव्हे. वाचणाऱ्याची दिशाभूल होते हे आहे. चूक आणि बदल यांतला फरक मी इथेच करीन: ऐकणारे जोवर दोन तऱ्हांनी समजतात, तोवर जपून, सगळे एकच समजू लागले की वाद संपला.

शुद्धतेचा आग्रह धरणारे महाभाष्यकार पतंजलीचा दाखला देतील, आणि तो खरा आहे; शुद्ध शब्द वापरण्यात पुण्य आहे, असे तो मानतो. पण त्याच महाभाष्यात ‘गो’ची बिघडलेली रूपे म्हणून त्याने ‘गावी’, ‘गोणी’ अशी यादी दिली आहे, आणि आपली ‘गाय’ त्या ‘गावी’च्याच वंशातली. राहिला प्रश्न जुने ग्रंथ कळण्याचा. त्यासाठी बोलणाऱ्यांची जीभ धरण्यापेक्षा कोशांनी काम करावे: शाळेच्या शब्दकोशात ‘अपरोक्ष’पुढे दोन्ही अर्थ छापावेत, जुना कोणता आणि नंतरचा कोणता हे सांगून.