खाटा मोजायच्या की दारे?

थेरगावात पिंपरी-चिंचवड महापालिकेचे नवे बहुमजली रुग्णालय झाले, ते व्हायलाच हवे होते. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती शहराचे आरोग्य मोजण्याच्या आपल्या सवयीबद्दल. संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात साडेसातशे खाटा, अमुक ठिकाणी इतके व्हेंटिलेटर, तमुक ठिकाणी नवे सीटी स्कॅन, अशी मोजदाद आपल्याला पाठ असते. कारण खाट दिसते, तिचे उद्‌घाटन करता येते, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढता येतो. याच महापालिकेच्या आरोग्य विभागातली एखादी एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) किंवा पीएचएन (सार्वजनिक आरोग्य परिचारिका) सकाळी नऊला खांद्याला लसींचा डबा अडकवून पत्र्याच्या चाळीत शिरते, तिचे उद्‌घाटन कोणी करत नाही. माझे म्हणणे असे की शहराचे आरोग्य खाटेपेक्षा तिच्या फिरण्यावर अधिक अवलंबून आहे, आणि महापालिकेने पैसा, पदे आणि प्रतिष्ठा यांची वाटणी करताना हा क्रम लक्षात ठेवला पाहिजे.

तिचे काम म्हणजे ‘सुई टोचणे’ हा समज आधी बाजूला ठेवू. अंगणवाडीत किंवा एखाद्या मंदिराच्या सभामंडपात भरणारे लसीकरण सत्र घ्या. त्याची सुरुवात सत्राच्या कितीतरी आधी, शीतसाखळीच्या खोलीत होते. डीप फ्रीजरमधून काढलेल्या बर्फाच्या पिशव्या तशाच व्हॅक्सिन कॅरियरमध्ये टाकल्या तर पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, टीडी या लसी गोठतात आणि गोठलेली लस निकामी होते. गंमत म्हणजे बाहेरून पाहिले तर बाटली चांगलीच दिसते. म्हणून पिशवी आधी टेबलावर ठेवायची, तिला घाम सुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायची आणि आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच चार पिशव्या चार बाजूंना लावायच्या. गोवर-रुबेलाची बाटली एकदा पातळ केली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. बाटलीवरच्या खुणेतला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल तर ती लस वापरायचीच नाही. टोचून झाल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या: आज कोणती लस दिली, पुढची कधी, ताप आला तर काय करायचे आणि कार्ड जपून ठेवा. मग अर्धा तास तिला बसवून ठेवायचे. कामावर अर्धा दिवस खाडा टाकून आलेल्या बाईला हा अर्धा तास बसवून ठेवणे हे या साऱ्यातले सर्वात अवघड कौशल्य असावे, असे मला वाटते.

पण सत्राला आलेली बाळे हा सोपा भाग. खरा प्रश्न न आलेल्यांचा. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास होती, २०११ च्या जनगणनेत ती १७ लाख २७ हजारांवर गेली. त्यानंतरची, २०२१ ची जनगणना लांबली. मधल्या काळात थेरगाव, वाकड, ताथवडे, रहाटणी या पट्ट्यात इमारतींची रांग लागली, हिंजवडीच्या संगणकवाल्यांपासून चाकणच्या कंत्राटी कामगारांपर्यंत लोक येत राहिले, आणि त्यांतले निम्मे दरवर्षी घर बदलतात की काय असे वाटावे इतकी भाड्याच्या घरांची उलाढाल सुरू असते. अशा ठिकाणी कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कुठल्या खोलीत नऊ महिन्यांचे बाळ बिहारहून नुकतेच आले आहे, हे सरकारच्या कोणत्याच कागदावर नसते. ते असते सिस्टरच्या सर्वेक्षणाच्या वहीत आणि त्या वहीवरून निघणाऱ्या ‘ड्यू लिस्ट’मध्ये. २०११ च्या जनगणनेवर नियोजन करणाऱ्या शहराकडे दर काही महिन्यांनी ताजी होणारी माणसांची यादी असेल तर ती हीच. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने २०१३ मध्ये ठरवलेले माप असे आहे: साधारण पन्नास हजार लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दहा हजार लोकांमागे एक एएनएम. २०११ चीच संख्या धरली तरी या शहराला पस्तीसेक केंद्रे आणि पावणेदोनशेच्या घरात एएनएम लागतात. आजची संख्या धरली तर किती, हा हिशेब वाचकानेच करावा.

गोवर हे याचे चांगले उदाहरण. एका रुग्णापासून, आजूबाजूला कोणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्याशिवाय ही साथ थोपत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराने मुले दगावली, तेव्हा मुंबईत रुग्णालयांची वानवा नव्हती. वानवा होती ती चुकलेली मुले वेळेत सापडण्याची. नव्वद टक्क्यांपर्यंत कोणतीही बरी यंत्रणा पोहोचते. उरलेल्या पाच टक्क्यांसाठी कोणाला तरी जिने चढावे लागतात.

खाट आणि घर यांची थेट तुलना एकदा झालेली आहे, आणि तीही आपल्याच देशात. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगावर एक प्रयोग सुरू झाला. तोवर क्षय म्हणजे सॅनिटोरियम, हवापालट, सकस आहार, महिनोन्‌महिने खाटेवर विश्रांती असा दंडक होता. आपल्याकडे औंधच्या उरो रुग्णालयाचे नाव घेतले तरी जुन्या माणसांना तोच काळ आठवतो. मद्रासच्या प्रयोगात शहरातल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपापल्या दाटीच्या घरी. औषधे दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहून, अपुरे खाऊन, काम करत औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली असेही दिसले नाही. साऱ्या जगाचे क्षयाचे धोरण या एका प्रयोगाने बदलले. मात्र तो यशस्वी होण्याची एक अट होती. औषध नियमित घेतले जाते की नाही हे पाहायला कोणीतरी घरी जायला हवे होते, आणि ते जात होते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आपल्या एचए कंपनीत पेनिसिलिन आणि पुढे क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिनही तयार झाले. म्हणजे औषध गावातच बनत होते, तरी क्षय गेला नाही. सहा महिन्यांचा उपचार दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागले की सुटतो, हे त्यामागचे मोठे कारण, आणि त्याला कारखाना काही करू शकत नाही. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिना पाचशे मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून हजार मिळतात. पण बँक खाते जोडून घेणे, घरातल्या इतरांची तपासणी करवणे, शेजाऱ्यांना कळू न देता विचारपूस करणे हे पैशाने होत नाही.

दुसरा पुरावा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याचे मूळ तिथे आहे. खेड्यातले शहरात लागू पडेल का, असे कोणी म्हणेल, म्हणून न्यूयॉर्क पाहा. १९०२ मध्ये तिथे शाळातपासणीचे डॉक्टर खरूज, उवा, डोळे आलेली मुले शोधत आणि घरी पाठवत. मुले घरीच राहत, कारण उपचार कोणी सांगतच नव्हते. त्या वर्षी लीना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोग म्हणून चार शाळा दिल्या. ती मुलांवर शाळेतच उपचार करी आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला समजावी. प्रयोग पाहून आणखी परिचारिका नेमल्या आणि सप्टेंबरात शाळेतून परत पाठवलेल्या मुलांची संख्या वर्षभरात साडेदहा हजारांवरून अकराशेवर आली. रोग शोधणारा आधीही होता. फरक पडला तो त्याच्या मागोमाग घरी जाणाऱ्या बाईमुळे.

कोणाच्या घरात शिरणे ही मात्र साधी गोष्ट नाही, आणि हे पुणे परिसराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या वॉल्टर रँडने गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घराघरांत घातल्या. माजघर, देवघर काही राहिले नाही. लोकांनी घाबरून आजारी माणसे लपवायला सुरुवात केली, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप तेच फसले. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे, थेरगावाहून पवना ओलांडली की लागणाऱ्या गावचे. वैद्यकदृष्ट्या घरोघर जाऊन रुग्ण शोधणे आणि वेगळे ठेवणे यात चूक नव्हती. चूक होती कोण गेले आणि कसे गेले यात. त्याच महिन्यांत सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यासाठी प्लेगचे रुग्ण आणत, त्यांची सेवा करत होत्या आणि त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी गेल्या. एकाच साथीत सरकारचा हात आणि शुश्रूषेचा हात असे दोन्ही या परिसराने पाहिले. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत राज्याने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला; पण त्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत दारोदार ऑक्सिजन मोजायला गेले ते सोल्जर नव्हते. कायदा तोच असून दार उघडले, याचे श्रेय मी आशाताई आणि सिस्टर यांना देतो.

यावर आक्षेप येतात आणि ते टाकाऊ नाहीत. पहिला असा की थेरगाव-वाकडचा मध्यमवर्ग खासगी डॉक्टरकडे जातो, त्याला पालिकेच्या नर्सची काय गरज? उपचारांबाबत हे बरेचसे खरे आहे. लसीकरणाबाबत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या शंभरातल्या नव्वदाहून अधिक मुलांच्या बहुतेक लसी सरकारी यंत्रणेतूनच झाल्याचे दिसले. शिवाय डास गेटवरच्या वहीत नाव लिहून आत येत नाही. सोसायटीच्या गच्चीवरच्या कुंडीत वाढलेला डेंग्यूचा डास समोरच्या चाळीत चावतो, तरीही सर्वेक्षणाला आलेल्या पथकाला ‘सेक्रेटरी नाहीत, उद्या या’ असे सांगणारे गेट याच शहरात आहे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. कोविनसारखी व्यवस्था उभी करता आली, आता बालकांच्या लसींसाठी यू-विन आहे. मेसेज गेला की लोक येतील. येतील, ज्यांचा नंबर बदललेला नाही ते. ॲपला आलेला माणूस दिसतो, न आलेला दिसत नाही, कारण त्याचे नाव तिथे चढलेलेच नसते. ते चढवायला पुन्हा सिस्टरच लागते. उलट आता ती वहीही भरते आणि मोबाइलही, अशी दुहेरी मजुरी तिच्या गळ्यात पडली आहे. तिसरा आक्षेप, आशा आहेत ना? आहेत, आणि त्यांच्याशिवाय गल्ली कळत नाही. पण आशा मानधनावरची स्वयंसेविका आहे, ती लस टोचू शकत नाही आणि बाळंतिणीचा रक्तदाब वाढला तर निर्णय तिच्यावर सोडणे अन्यायाचे ठरेल. तिच्या पाठीशी प्रशिक्षित परिचारिका नसेल तर तिचे फिरणे नुसती पायपीट होते.

सर्वात वजनदार आक्षेप पैशाचा. कायम पदे म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, आस्थापना खर्चाची मर्यादा. कंत्राटी नेमणूक स्वस्त पडते. आरोग्य अभियानातल्या अशा नेमणुका अकरा महिन्यांच्या असतात. थेरगावातला भाडेकरार अकरा महिन्यांचा आणि त्या भाडेकरूचे दार ठोठावणारी सिस्टरही अकरा महिन्यांची, म्हणजे ओळख व्हायची कुणाची कुणाशी? या कामातली मुख्य पुंजी विश्वास आहे, आणि तो साठायला वर्षे लागतात. सासूला न कळता गर्भनिरोधकाबद्दल विचारणारी सून नव्या चेहऱ्याला विचारत नाही. नेमणूक तुटते तेव्हा हा साठा शून्यावर येतो. ताळेबंदात तो दिसत नाही म्हणून कंत्राट स्वस्त वाटते इतकेच. पैसा मर्यादित आहे हे मान्य करूनही मी म्हणेन की एका मोठ्या यंत्रसामग्रीची खरेदी वर्षभर पुढे ढकलणे शहराला परवडेल, रिकामी एएनएमची जागा परवडणार नाही.

राहता राहिला हद्दीचा घोळ. माणूस थेरगावात राहतो, काम चाकणला करतो, बहीण महाळुंग्यात खोली घेऊन राहते. इकडे महापालिका, तिकडे जिल्हा परिषद, जिच्या उपकेंद्राचे माप पाच हजार ग्रामस्थांचे. कारखान्यांनी त्या गावांची वस्ती कितीतरी पटींनी वाढवली तरी माप खेड्याचेच राहिले. बाळाचे दोन डोस एका यंत्रणेकडे आणि तिसरा कोणाकडेच नाही, असे होते ते यामुळे. दोन्हीकडच्या सिस्टरनी महिन्यातून एकदा याद्या ताडून पाहिल्या तर यातली बरीच मुले सापडतील. त्याला नवा कायदा लागत नाही, दोन कार्यालयांचे पत्र पुरते.

हे सगळे वाचकाच्या हाताबाहेरचे नाही. महापालिका अंदाजपत्रकावर नागरिकांच्या सूचना मागवते, तेव्हा रस्ता-गटाराबरोबर एक ओळ लिहा: आमच्या प्रभागात एएनएमची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतली कायम किती? मते मागायला येणाऱ्यालाही हेच विचारा. सोसायटीच्या समितीवर असाल तर आरोग्य पथकाला गेटवर अडवू नये, असा ठराव करून सुरक्षारक्षकाला वाचून दाखवा. आणि सिस्टर दारात आली तर चहा-पाण्याचे विचारण्याआधी बाळाचे कार्ड काढून ठेवा. तिला अजून बरीच दारे करायची असतात.