दया, दफ्तर आणि विवेक : युरोपातील समाजकार्य-शिक्षणाची वाटचाल

दुःखिताच्या साहाय्यास धावून जाण्याची प्रेरणा मनुष्यजातीइतकी पुरातन आहे. परंतु ते साहाय्य कसे करावे हे पाठशाळेत बसून, परीक्षा देऊन आणि अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी करून शिकावे लागते, ही कल्पना जेमतेम सव्वाशे वर्षांची असून तिचा उगम युरोपातील औद्योगिक नगरांत झाला. कारखान्यांच्या ओढीने खेड्यांतून लोटलेल्या कुटुंबांना जुन्या गावकीचा आधार उरला नव्हता आणि त्यांची दाद घेईल अशी यंत्रणा नव्या नगरपालिकांजवळ नव्हती. चर्चची दानपेटी आणि सरकारी दरिद्रालय यांच्या मधोमध जो विस्तीर्ण प्रदेश मोकळा पडला होता, त्यातच या व्यवसायाचा पाया घातला गेला.

जर्मनीतील एल्बरफेल्ड या कापडउद्योगाच्या शहराने १८५३ साली दरिद्रसाहाय्याचा जो बंदोबस्त केला, तो पुढे अनेक नगरांनी उचलला. शहराचे लहान लहान विभाग पाडून प्रत्येक विभाग एका प्रतिष्ठित नागरिकाकडे विनावेतन सोपवला जाई, आणि एकाकडे चारांहून अधिक कुटुंबे देऊ नयेत असा दंडक होता. दरखास्त आली की या गृहस्थाने स्वतः त्या घरी जावे, मिळकत किती, खाणारी तोंडे किती, आजारी कोण, कामावर जाण्याजोगे कोण, याची चौकशी करावी आणि आपला अभिप्राय बैठकीपुढे मांडावा. मंजूर झालेली मदत केवळ चौदा दिवसांपुरती असे, त्यानंतर पुन्हा घरभेट, पुन्हा चौकशी, पुन्हा मंजुरी. अर्जदाराला त्याच्या घरी जाऊन भेटणारी ही पद्धत स्तुत्य होती यात संशय नाही. तथापि भेटीस येणारा व्यापारी वा कारखानदार गरिबाच्या शीलाची पारख आपल्या वर्गाच्या मापाने करी, आणि क्षयरोग, घरभाडे व बेकारी यांची कारणे त्या घराच्या उंबऱ्याबाहेर शोधावी लागतात, हे त्याला कोणी शिकवलेले नसे.

लंडनमध्ये हाच अनुभव निराळ्या मार्गाने आला. दानधर्मात सुसूत्रता आणण्यासाठी १८६९ साली तेथे ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. १८८४ साली सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत टॉयन्बी हॉल उभारून विद्यापीठांतील तरुणांना गरिबांच्या शेजारी राहावयास बोलावले. आणि १८९५ साली रॉयल फ्री रुग्णालयात मेरी स्ट्युअर्ट या बाईंची नेमणूक झाली, ती मुख्यतः फुकट औषधोपचाराचा गैरफायदा कोण घेतो हे शोधण्यासाठी. खर्चाच्या राखणदारीसाठी निर्माण झालेल्या या जागेतूनच रुग्णाच्या घरच्या परिस्थितीचा विचार करणारे वैद्यकीय समाजकार्य पुढे विकसित झाले. सोसायटीने १९०३ साली काढलेली शाळा १९१२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विलीन झाली. तेथे व्याख्याते म्हणून काम केलेले आणि १९२० साली समाजसेवकाच्या व्यवसायावर ग्रंथ लिहिणारे क्लेमेंट अ‍ॅटली १९४५ साली पंतप्रधान झाले, तेव्हा लंडनच्या गल्लीबोळांत मिळालेले ज्ञान राज्यकारभाराच्या धोरणात उतरले.

समाजकार्याची पूर्णवेळ पाठशाळा प्रथम काढण्याचा मान मात्र आम्स्टरडॅमकडे जातो. तेथे १८९९ साली दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये तरुण स्त्रियांसाठी एक वर्षाचा वर्ग निघाला, आणि त्यामागे आलिस सालोमोन ही विदुषी उभी होती. विद्यापीठप्रवेशाची रीतसर पात्रता नसतानाही विशेष परवानगीने शिकून, स्त्री-पुरुषांना मिळणाऱ्या असमान वेतनाच्या कारणांवर प्रबंध लिहून, तिने १९०६ साली डॉक्टरेट संपादन केली, आणि १९०८ साली शोनेबेर्ग येथे समाजकार्याचे स्त्रीविद्यालय स्थापिले. अर्थशास्त्र, कायदा, आरोग्य आणि शिक्षणशास्त्र यांचे अध्ययन व त्याच्या जोडीला प्रत्यक्ष कार्य, ही त्या विद्यालयाची घडण पुढे जर्मनीतील अनेक शाळांनी स्वीकारली. बेल्जियमचे वैद्य रने सांद यांच्या पुढाकाराने १९२८ साली पॅरिस येथे समाजकार्याची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्या पाठोपाठ १९२९ मध्ये समाजकार्य विद्यालयांची जागतिक संघटना निघाली; तिच्या पहिल्या अध्यक्षपदी सालोमोनचीच निवड झाली.

चौकशी, निदान, नोंद आणि शिफारस ही शास्त्रशुद्ध साधने एव्हाना सिद्ध झाली होती; ती कोणाच्या हाती पडतील, हा प्रश्न मात्र पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नव्हता. १९३३ साली नाझी राजवटीने आनुवंशिक रोगांच्या नावाखाली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला, ज्याला पुढे सुमारे चार लाख माणसे बळी पडली. आणि त्यांची निवड करताना ज्या कागदपत्रांचा उपयोग झाला, त्यांत साहाय्य-खात्याच्या समाजसेविकांनी घरोघर जाऊन भरलेल्या नोंदीही होत्या. ज्या लेखणीने कुटुंबाच्या दूधभाकरीची शिफारस लिहावयाची, तिनेच त्या घरातील मुलीला ‘हीन’ ठरवले. ज्यू कुळात जन्मलेल्या सालोमोनला सर्व पदांवरून दूर करण्यात आले, १९३७ मध्ये गेस्टापोने तिची जबानी घेऊन तिला देशत्याग करावयास लावले, आणि १९४८ साली न्यूयॉर्क येथे परदेशातच तिचा अंत झाला.

त्याच काळात वॉर्सा नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात इरेना सेंडलर नावाची तरुणी काम करीत होती. हेलेना राद्लिन्स्का या थोर अध्यापिकेच्या वर्तुळात ती आणि तिच्या काही सहकारी तयार झाल्या होत्या. पोलंड व्यापल्यावर ज्यू कुटुंबांना मदत देण्यास जर्मन अधिकाऱ्यांनी बंदी केली, तेव्हा या स्त्रियांनी खात्याच्या नोंदींत त्यांना पोलिश नावे दिली आणि तपासणीस कोणी त्या घरी फिरकू नये म्हणून तेथे सांसर्गिक रोग असल्याचे लिहिले. पुढे साथप्रतिबंधाच्या परवान्यावर, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या घेट्टोत शिरून त्यांनी मुले बाहेर काढली, आणि युद्धानंतर ती मुले आपल्या माणसांना परत मिळावीत म्हणून त्यांची खरी नावे कागदाच्या पट्ट्यांवर टिपून लपवून ठेवली. या साऱ्या सहकाऱ्यांच्या जाळ्याने सुमारे अडीच हजार मुले वाचवली असे मानले जाते. १९४३ च्या ऑक्टोबरात सेंडलरला अटक झाली आणि तिचा छळ झाला, तरी तिने नावे सांगितली नाहीत. बर्लिनला आणि वॉर्साला दफ्तर तेच होते, रकाने तेच होते. फरक होता तो ते भरणाऱ्या व्यक्तीच्या विवेकाचा, आणि समाजकार्याच्या शिक्षणाची खरी कसोटी येथेच आहे असे मला अंतःकरणपूर्वक वाटते.

युद्धोत्तर युरोपने हा विवेक संस्थांच्या घडणीत उतरवण्याचा प्रयत्न केला, परंतु प्रत्येक देशाने आपल्या स्वभावानुसार. फ्रान्सने १९४६ च्या कायद्याने समाजसेवकाचे पदनाम संरक्षित केले आणि त्याला व्यावसायिक गुप्ततेच्या बंधनाखाली आणले; तेथील तीन वर्षांच्या शिक्षणक्रमात निम्मा वेळ क्षेत्रकार्यात जातो. जर्मनीत शासनाने सर्व कामे स्वतःच्या हाती न घेता ती प्रथम स्वायत्त संस्थांकडे सोपवावीत हे तत्त्व रुजले असून, कारितास आणि डियाकोनी या चर्चशी संलग्न संस्था देशातील सर्वांत मोठ्या मालकवर्गांत गणल्या जातात. इंग्लंडात उलटपक्षी बहुतेक भार स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. तेथे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणासाठी २०० दिवस द्यावे लागतात आणि नोंदणीवाचून कोणालाही समाजसेवक हे पद लावता येत नाही. फिनलंडमध्ये या पदासाठी पदव्युत्तर शिक्षण आवश्यक मानले जाते. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्याने पदव्यांची मापे बरीचशी जुळवली, तरी देशादेशांतील हे मूलभूत भेद तसेच राहिले आहेत.

स्कॉटलंडचा मार्ग विशेष अभ्यसनीय आहे. १९६८ च्या कायद्यान्वये १९७१ पासून तेथे अडचणीत सापडलेल्या बहुतेक मुलांची प्रकरणे फौजदारी न्यायालयाऐवजी बालसुनावणीपुढे येऊ लागली. एका टेबलाभोवती समाजातून निवडलेले व प्रशिक्षण दिलेले तीन नागरिक, मूल, त्याचे आईवडील आणि समाजसेवक बसतात. समाजसेवकाचा अहवाल सर्वांपुढे असतो. आणि ज्याच्याविषयी तो लिहिला आहे त्या मुलालाच आपले म्हणणे काय, असे विचारले जाते. आरोप नाकबूल असेल तर त्याची शहानिशा शेरिफच्या न्यायालयात होते, परंतु मुलाला कशाची गरज आहे हा निर्णय सुनावणीतच व्हावयाचा. मुलाने गुन्हा केला असो वा त्याच्यावर अन्याय झाला असो, त्याची गरज एकच, हे या रचनेमागील मर्म होय.

पूर्व युरोपात याच्या उलट दृश्य दिसले. समाजवादी समाजात सामाजिक प्रश्न उरणारच नाहीत, मग समाजसेवक हवा कशाला, या भूमिकेतून अनेक देशांनी हे शिक्षण गुंडाळले. युगोस्लाव्हियाने १९५२ साली झाग्रेब येथे विद्यालय काढले, हा ठळक अपवाद. रुमानियात १९२९ पासून चालत आलेले शिक्षण १९६९ पर्यंत सर्वस्वी बंद पडले. आणि १९८९ च्या क्रांतीनंतर तेथील अनाथालयांची दारे उघडली तेव्हा लाखभर मुले आत सापडली, त्यांतील बहुसंख्यांचे आईवडील हयात होते. त्या कुटुंबांच्या घरी वेळीच जाऊन चौकशी करणारे शिक्षित माणूसच राज्याने शिल्लक ठेवले नव्हते. १९९० पासून विद्यापीठांतून हा विषय पुन्हा शिकवला जाऊ लागला.

त्याच १९८९ साली स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने एक महत्त्वाचा निवाडा दिला. लिव्हरपूल येथे सरकारी देखरेखीखाली वाढलेल्या एका तरुणाने आपल्या बालपणाचे दफ्तर पाहावयास मागितले होते, आणि ते त्याला पूर्णतः मिळाले नव्हते. आईबापांच्या आठवणींच्या ठिकाणी ज्याच्यापाशी केवळ खात्याच्या नोंदी आहेत, त्याला त्या नाकारताना निदान स्वतंत्र अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय असली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. ज्याच्याविषयी लिहिले त्याचाही त्या लिखाणाशी हक्काचा संबंध आहे, हे तत्त्व अशा रीतीने युरोपात कायद्याच्या पातळीवर मान्य झाले.

आपल्या मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे जे विद्यालय निघाले, त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन होते आणि नागपाड्यातील नेबरहूड हाउस या टॉयन्बी हॉलच्या धर्तीच्या वस्तिकेंद्रात त्यांनी आधी काम केले होते. म्हणजे टॉयन्बी हॉलची परंपरा अमेरिकेच्या वाटेने आपल्यापर्यंत पोहोचली होती. आज आपल्याकडे घरोघर जाऊन माहिती भरणाऱ्या कार्यकर्त्यांची संख्या मोठी आहे आणि त्या माहितीवर अनेकांचे धान्य, निवृत्तिवेतन व मुलांचे भवितव्य अवलंबून असते. अशा कार्यकर्त्याला कायदा, अर्थशास्त्र आणि मनाचे शास्त्र अवश्य शिकवावे. परंतु त्याबरोबरच प्रत्येक अहवाल, तो ज्याच्याविषयी आहे त्याच्यासमोर वाचून दाखवता येईल असा लिहावा, आणि ज्या हुकुमाने माणसाचा घात होईल तो लेखी नाकारण्याचे धैर्य बाळगावे, हे दोन धडे युरोपने फार मोठी किंमत मोजून घेतलेले आहेत. ते आपल्या विद्यालयांच्या पहिल्याच सत्रात शिकवले जावेत.