विश्लेषण : अर्धांगवायूनंतर वजन उचलायचे की नाही?

अर्धांगवायूचा रुग्ण घरी परतला की सल्ल्यांची रीघ लागते. ‘वजन उचलू नका, हात आणखी आखडेल,’ हा त्यातला हमखास सल्ला. तो निव्वळ ऐकीव नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात बर्टा आणि कारेल बोबाथ या दाम्पत्याने मांडलेल्या उपचारपद्धतीतही जोर लावण्याच्या व्यायामाने स्नायूंचा ताठरपणा वाढेल, अशी भीती होती. फिजिओथेरपीवर तिचा पगडा अनेक दशके राहिला.

मग बदलले काय?

ही भीती तपासली गेली. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. व्यायामाने ताकद वाढते, हालचाली काहीशा सुधारतात आणि ताठरपणा वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला.

मेंदूला इजा झाल्याने स्नायूंपर्यंत पुरेसा संदेश पोहोचत नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत मोटर शाबूत, बिघाड वायरिंगमध्ये. पण मोटर नुसती पडून राहिली तर तीही गंजते. न वापरलेला स्नायू बारीक होत जातो, आणि खुर्चीतून उठणेही जड जाते.

किती वजन, किती वेळा?

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ च्या शिफारशींनुसार आठवड्यातून २-३ दिवस, ८ ते १० व्यायाम, प्रत्येकाचे १ ते ३ सेट, सेटमध्ये १० ते १५ वेळा. वजन कमाल क्षमतेच्या ५० ते ८० टक्के. म्हणजे जेमतेम एकदाच १० किलो उचलता येत असतील, तर ५ ते ८ किलो. ही कमाल क्षमता घरी आजमावू नये. ते काम फिजिओथेरपिस्टचे.

सुरुवात डंबेलनेच हवी असे नाही. खुर्चीतून उठणे-बसणे हेही स्वतःचे वजन उचलणेच. पकड नसेल तर मनगटाला बांधायची वजने वापरतात.

धोका कुठे?

श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब झपाट्याने चढतो. मोठ्याने आकडे मोजा, श्वास रोखला जाणार नाही. लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून खाली सरकलेला असू शकतो. तो हात ओढू नये, कप्पीने डोक्यावर नेऊ नये.

घाईही नको. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत, पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून हालचाल करवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती तुलनेने कमी चांगली होती. कधी सुरू करायचे, हे रक्तदाब पाहून डॉक्टरच ठरवतील.

व्यायाम करताना तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हातापायातील जोर अचानक गेला, तर थांबा आणि लगेच १०८ ला फोन करा.